हाच का तो?

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या मे महिन्यात भाच्याला घेऊन मी नगरला गेलो होतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवर अजून नगरच येतं. निघालो होतो शिर्डीला. पण मुलाचं सगळं लक्ष वाटेतल्या रणगाड्यांच्या संग्रहालयाकडे. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या गोव्यातल्या मुलांना लढाऊ विमानांचं अप्रूप उरलेलं नाही, बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात शाळेची सहल एकदा तरी जातेच. सी हॉक, आलिझे ही नावं त्यांना पाठ असतात. रणगाडा मात्र हात लावण्याइतक्या जवळून बघायला घाट चढून जावं लागतं.

नगरचं हे संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. पन्नासच्या आसपास गाड्या उघड्यावर, झाडांमधून मांडलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती मोटार आहे, जपानी आहेत, ब्रिटिश आहेत, पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन आहेत. मुलगा एका सेंच्युरियन रणगाड्यासमोर थांबला. १९७१ च्या भारत-पाक युद्धात सेंच्युरियनमधून लढता लढता पडलेल्या अरुण खेतरपाल यांच्यावरचा धडा तो वाचून आला होता. त्यानं मला विचारलं, "मामा, हाच का तो?"

मी म्हटलं, "हो."

ऊन रणरणत होतं, पाण्याची बाटली संपली होती, आणि खरं सांगायचं तर मला माहीतच नव्हतं. सेंच्युरियन होता एवढं खरं. पण 'तसाच' असणं आणि 'तोच' असणं यांत केवढं अंतर आहे, ते मला गोव्यात परत आल्यावर, पुस्तकं काढून बसल्यावर कळायला लागलं. आजचं बोलणं त्या अंतराबद्दल आहे.

रणगाडा ही कारखान्यात शेकड्यांनी, हजारांनी निघणारी वस्तू. एक दुसऱ्यासारखा. त्यातून लढाईच्या मागे लागलेल्या कार्यशाळांना भावना नसतात. याचं इंजिन त्याला, त्याचा टरेट, म्हणजे वरचा फिरणारा मनोरा, याला. रंग तर दर दोनचार वर्षांनी नवा. मग चाळीस-पन्नास वर्षांनी तो चौथऱ्यावर चढतो, समोर पाटी लागते, आणि पाटीवर जे लिहिलं ते वेदवाक्य होतं. ज्यांना छडा लावायचा असतो ते पाटी वाचत नाहीत, लोखंड वाचतात. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, ओतीव भागांवरच्या भट्टीच्या खुणा, खरवडल्यावर निघणारे रंगाचे थर, आणि सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणजे जखमा. गोळा कुठे लागला, कुठल्या बाजूनं आला, कुठे घसरून गेला. त्या जखमा मग युद्धाच्या रोजनिशीशी ताडून बघायच्या.

या बाबतीत इंग्लंडमधल्या एका रणगाड्याची गोष्ट मला फार आवडते. डॉर्सेट परगण्यात बोव्हिंग्टन नावाचं गाव आहे, तिथल्या संग्रहालयात जर्मनांचा एक टायगर आहे. मनोऱ्यावर आकडा १३१. म्हणजे पहिली कंपनी, तिसरी तुकडी, पहिला रणगाडा. १९४३ च्या फेब्रुवारीत कासेल शहरात हेन्शेलच्या कारखान्यात तो तयार झाला आणि थेट ट्युनिशियाच्या रणांगणावर गेला. एप्रिलमध्ये ब्रिटिशांच्या एका गोळ्यानं त्याच्या तोफेच्या नळीला खालून घासून मनोऱ्याच्या बुडाशी पाचर मारली. मनोरा अडकला. फिरेना. आतली माणसं उड्या टाकून पळाली आणि जवळजवळ धडधाकट टायगर ब्रिटिशांच्या हाती लागला. टायगर म्हणजे त्या काळी दोस्त सैन्याच्या छातीत धडकी भरवणारं नाव. तो बघायला राजे सहावे जॉर्ज आणि चर्चिल ट्यूनिसमध्ये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो इंग्लंडला आणला, उघडला, एकेक नटबोल्ट तपासला.

इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद निघाला तो कधी आणि कुठे पकडला यावर. कित्येक दशकं सगळीकडे छापून येत होतं: २१ एप्रिल १९४३, जेबेल जाफा नावाची टेकडी, आणि ४८ व्या रॉयल टँक रेजिमेंटचे 'चर्चिल' जातीचे रणगाडे. पुस्तकांत तेच, पाटीवर तेच. मग एक दिवस संग्रहालयात एक गृहस्थ आले. त्यांचे वडील शेरवुड फॉरेस्टर्स या पायदळ पलटणीत होते. वडिलांनी घरी सांगितलेली एका टायगरची हकिगत आणि समोरच्या लोखंडावरच्या जखमा, दोन्ही जुळत होत्या. जुळत नव्हती ती पाटी. माणूस चिकट निघाला. कागद धुंडाळले, फोटो ताडले, जागेवर जाऊन टेकड्या बघितल्या. निष्पन्न झालं ते असं, की टायगर १३१ पकडला गेला २४ एप्रिलला, गेरियात अल अताश इथल्या १७४ क्रमांकाच्या टेकडीवर. जाफाची हकिगत दुसऱ्याच टायगरची होती. दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती आणि साठ-सत्तर वर्षं कुणाला संशयही आला नव्हता.

बापानं जेवताना सांगितलेली गोष्ट जिंकली आणि पितळी पाटी हरली! मला यात एक दुष्ट आनंद होतो, हे कबूल करतो.

पण तिथेही तो 'हाच का तो' सुटत नाहीच. हा टायगर दुरुस्त करून २००३ साली पुन्हा चालवला, तेव्हा आत बसवलेलं इंजिन त्याचं स्वतःचं नव्हतं, संग्रहालयातल्याच एका मोठ्या टायगरचं होतं. मग तो कितपत तोच? या प्रश्नावर तिकडची मंडळी तासन्तास भांडतात. आपण गोवेकरांनी भांडू नये. आपल्याला हा प्रश्न चारशे-साडेचारशे वर्षं ठाऊक आहे. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, सोळाव्या शतकात रातोरात नदीपार करून प्रियोळला आणला. म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला आली. देऊळ नवं, गाव नवं, सभामंडप तर अलीकडचे. तरीही कुणी विचारत नाही की हाच का तो देव. कारण कुठून निघाला, कुठे थांबला, कुणी आणला, हे सगळं सांगणारी माणसं पिढ्यान्पिढ्या राहिली. वस्तूचा माग म्हणजे दुसरं काय?

आता आपल्या सेंच्युरियनकडे येऊ. ज्याच्याबद्दल भाच्यानं विचारलं तो.

त्याला नाव होतं. फामागुस्ता. क्रमांक जेएक्स २०२. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरचं एक जुनं बंदर. पन्नास टनांच्या आसपासचं हे ब्रिटिश बनावटीचं धूड, आत चार माणसं: कमांडर, तोफची, चालक आणि गोळे भरता भरता वायरलेस सांभाळणारा चौथा. पलटण पूना हॉर्स. १९७१ मध्ये तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग.

अरुण खेतरपाल पुण्यात जन्मले, १४ ऑक्टोबर १९५०. त्याच शहराचं नाव लावणाऱ्या पलटणीत १९७१ च्या जूनमध्ये दाखल झाले. म्हणजे लढाई सुरू झाली तेव्हा नोकरीला सहा महिनेही पुरते झाले नव्हते. नव्या अधिकाऱ्यांचा अभ्यासक्रम चालू होता, युद्धाची चाहूल लागली तसा तो अर्धवट सोडून ते पलटणीत परतले.

१५ डिसेंबरच्या रात्री शकरगढच्या आघाडीवर पायदळानं बसंतर नदीपलीकडे पाय रोवला होता. मध्ये सुरुंगांचा दाट पट्टा. इंजिनीयर सुरुंग काढत होते, काम निम्मंच झालं होतं, आणि पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसल्याचा निरोप आला. पूना हॉर्सनं वाट मोकळी होण्याची वाट पाहिली नाही. न काढलेल्या सुरुंगांतून रणगाडे घातले. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला सकाळी आठच्या सुमारास जरपाल गावाजवळ धुराचा पडदा सोडून पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मदतीची हाक आली, फामागुस्ता पुढे गेला.

रणगाड्यांची ही झुंज फार जवळून झाली. खेतरपाल यांनी शेवटचा रणगाडा टिपला तो जेमतेम १०० मीटरवर होता. तोवर फामागुस्ताला गोळे बसले होते, आग लागली होती. वायरलेसवरून हुकूम आला, रणगाडा सोडा. उत्तर गेलं, सोडणार नाही, माझी तोफ अजून चालते आहे. आम्ही रेडिओवाले आवाजाच्या बाबतीत हळवे असतो. मला नेहमी वाटतं, ते वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात नंतर किती वर्षं घुमलं असेल. पुढच्या गोळ्यानं खेतरपाल गेले. वय २१. परमवीर चक्र मरणोत्तर.

आणि फामागुस्ता? तो शत्रूच्या हाती पडला. नंतर भारताला परत मिळाला.

आता बघा, या रणगाड्याचा माग कसा पक्का आहे. सांगाड्याचा क्रमांक आहे. पलटणीचे कागद आहेत. चौघांपैकी वाचलेल्या साथीदारांची आठवण आहे. हे तिन्ही आपल्या बाजूचे. पण या एका रणगाड्याच्या बाबतीत चौथा साक्षीदारही आहे, आणि तो पलीकडचा. २००१ साली अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, ८१ व्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. फार अगत्यानं, इतक्या की वडिलांना अवघडल्यासारखं झालं. निघायच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितलं, की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, मुलगा तुमचा माझ्या हातून गेला. नासेर त्या वेळी १३ लान्सर्स या पाकिस्तानी रणगाडा पलटणीचे मेजर होते. दोघांनी एकमेकांवर एकाच वेळी तोफ डागली होती. एक वाचला.

बोव्हिंग्टनच्या टायगरला एका सैनिकाचा मुलगा भेटला. फामागुस्ताला ज्यानं गोळा मारला तोच भेटला. चौथऱ्यावरच्या किती रणगाड्यांच्या नशिबी हे असेल? १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानच्या ९७ रणगाड्यांची दैना झाली. त्यांतले काही पॅटन आज गावोगावच्या चौकांत उभे आहेत, पोरं त्यांच्या तोफेवर चढून फोटो काढतात. पण यातला कुठला कुणी, कुठल्या उसाच्या शेतात थांबवला, हे बहुतेकांच्या पाटीवर नसतं.

फामागुस्ता आज नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. मघाशी मी म्हटलं ना, खेतरपाल अभ्यासक्रम अर्धवट टाकून गेले. तो अभ्यासक्रम याच ठिकाणी चालू होता.

आज १८ डिसेंबर. गोव्यातल्या श्रोत्यांना ही तारीख वेगळी सांगायला नको. १९६१ साली याच दिवशी ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधली शीख लाइट इन्फन्ट्री आणि सातव्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे गोवा मुक्त करायला उत्तरेकडून आत आले. वाटेतले पूल पोर्तुगिजांनी उडवले होते, तरी संध्याकाळपर्यंत ते बेतीला पोचले. समोर मांडवी, पलीकडे पणजीचे दिवे, आणि मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. तिथे लोखंडाचं काम थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पायदळ होड्यांतून पणजीत उतरलं. त्याआधी रात्री आग्वादच्या किल्ल्यात कोंडलेल्या राजकीय कैद्यांना सोडवायला गेलेले कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू तिथे गोळीबारात पडले. आग्वादला आज लोक सूर्यास्त बघायला जातात. जावं. जाताना हे नाव आठवलं तर बरं.

माझे वडील त्या वेळी आठ वर्षांचे, म्हापशाला राहायचे. रणगाडे त्यांनी रस्त्यावर उभं राहून बघितले आहेत.

मागच्या रविवारी मी भाच्याला फोन करून कबूल केलं, की बाबा रे, मी नंबर बघितलाच नव्हता, उगाच हो म्हटलं. तो रागावला नाही. वहीच्या मागच्या पानावर जेएक्स २०२ लिहून घेतलं. मग म्हणाला, "आजोबांना दे फोन." आणि आजोबांना थेट विचारलं, तुम्ही म्हापशाला बघितला त्या रणगाड्याचा नंबर काय होता?

वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "नंबर कोण बघतो रे? तांबडी माती साखळ्यांत अडकून बसली होती आणि रस्ता हादरत होता, एवढं आठवतं. वर एक सरदारजी बसले होते. मी हात केला." थोडं थांबून म्हणाले, "त्यांनीही केला."

भाच्यानं तेही लिहून घेतलं, नंबरच्याच खाली.

नमस्कार.