वरंब्यांच्या माथ्यावरचा काळा लेप

घन ऑक्साइड इंधन घट म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणारी सिरॅमिकची चकती; अशा दोन चकत्यांमध्ये बसणाऱ्या पोलादी पत्र्याच्या दोन्ही अंगांना शेतातल्यासारखे सरी-वरंबे पाडलेले आहेत. एका अंगाच्या सरींतून हवा वाहते, दुसऱ्या अंगाच्या सरींतून हायड्रोजन. वीज मात्र फक्त वरंब्यांच्या माथ्यावरून शेजारच्या घटात जाते. अशा घटाची एक चकती भार पडल्यावर जेमतेम ०.७ ते ०.८ व्होल्ट देते. त्यामुळे अशा अनेक चकत्या पत्र्यांसह एकावर एक रचाव्या लागतात आणि वरंबे चकतीला टेकतात त्या प्रत्येक सांध्यापाशी थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

हायड्रोजनच्या बाजूचा सांधा निकेलची जाळी निमूटपणे सांभाळते. खरी अडचण हवेच्या बाजूची आहे, कारण ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापलेल्या हवेत बहुतेक धातू गंजतात. प्लॅटिनम टिकते, पण परवडत नाही. चांदी मऊ आणि उत्तम वाहक खरी. पण एकीकडून हायड्रोजन आणि दुसरीकडून ऑक्सिजन तिच्यात शिरला, की आतल्या आत वाफ तयार होऊन तिला छिद्रे पडतात.

म्हणून या सांध्यात, वरंब्यांच्या माथ्यावर लेप देण्यासाठी संशोधक वीज वाहणाऱ्या काळ्या सिरॅमिककडे, म्हणजे लँथॅनम, स्ट्रॉन्शियम, मँगनीज, कोबाल्ट यांच्या ऑक्साइडांकडे वळले. त्यात कोबाल्ट वाढवला की वहन सुधारते, पण तापल्यावर थर शेजारच्या थरांपेक्षा बराच जास्त फुगतो आणि निवताना सुटून येतो.

याहून चिवट पेच भाजणीचा आहे. अशी भुकटी घट्ट व्हायला हजार अंशांहून जास्त आच लागते; पण रचलेल्या संचात पोलाद आणि काचेचे सील असल्याने साधारण ९०० अंशांपुढे जाता येत नाही, आणि थर कच्च्या मडक्यासारखा ठिसूळ राहतो. यावरची एक तोड मला विशेष देखणी वाटते: लेपात ऑक्साइडऐवजी मँगनीज आणि कोबाल्ट या धातूंचीच भुकटी घालायची. भट्टीत ती हवेतला ऑक्सिजन घेऊन फुगते, कणांमधल्या फटी बुजवते आणि कमी आचेवरही वाहक ऑक्साइडचा सलग थर होऊन बसते.

जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात २००७ मध्ये ७०० अंशांवर सुरू केलेला संच एक लाखाहून अधिक तास चालवून २०१९ मध्ये बंद करण्यात आला. त्यात चकत्या दोनच होत्या. घरोघरी वीज पुरवणाऱ्या संचात त्या डझनावारी असतात, आणि सांधेही तितकेच.