"मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण..." | उजळ करणाऱ्या ट्यूबमध्ये नेमकं असतं काय?

[हातात पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब]

नमस्कार मैत्रिणींनो. ही ट्यूब बघा. नावावर मी पट्टी चिकटवली आहे, कारण अशा कितीतरी मिळतात. मी बावीस वर्षांची होते, चुलत बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. मेडिकलमध्ये गेले, म्हटलं, "चेहरा उजळायला काहीतरी द्या." चिठ्ठी कोणी मागितली नाही. ही ट्यूब मिळाली.

आणि चेहरा उजळला. खरंच उजळला. हळदीच्या दिवशी बायका विचारत होत्या, "काय लावतेस गं?" मी चार जणींना नाव सांगितलं. ते मला आजही टोचतं.

[ट्यूब उलटी, मागचा बारीक मजकूर दिसेल अशी]

मागे तीन नावं आहेत. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे औषध आहे. वांगासाठी त्वचेचे डॉक्टर ते देतात, पण ठरावीक आठवडे आणि लक्ष ठेवून. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. ते लावलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सूज-लाली बसते, रंगद्रव्य तयार होणं मंदावतं. म्हणून चेहरा पटकन नितळ दिसतो. आपल्याला वाटतं, क्रीम "सूट" झालं.

मग पुढे काय होतं? त्वचा पातळ होत जाते. गालांवर लाल रेषा दिसायला लागतात, पुरळ येतं, हनुवटीवर लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, आग होते, उन्हात उभं राहवत नाही. परत लावली की शांत. म्हणजे ज्या ट्यूबने त्रास दिला, तीच त्रासावरचा उपाय वाटायला लागते. माझं असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. घरच्यांना वाटायचं, पित्त आहे. त्वचेच्या डॉक्टरांकडे याला नावच आहे, "टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस". स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. नाव पडावं इतके पेशंट येतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१८ मध्ये सरकारने १४ मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर नियम आहे. काउंटरवर काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल.

आता दुसरी गोष्ट, याहून गंभीर. ज्या डब्यांवर कंपनीचा धड पत्ता नसतो, परवाना क्रमांक नसतो, अशा काही क्रीममध्ये पारा असतो. हो, थर्मामीटरमधला पारा. तो रंगद्रव्य तयार करणारं एन्झाइम अडवतो, म्हणून रंग उतरतो. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका ठरावीक आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये नेल-१ नावाचा एक वेगळा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण उजळपणाचं क्रीम लावत होते. बहुतेकांचा आजार क्रीम थांबवल्यावर ओसरला. विचार करा, पाय सुजले म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो आणि कारण निघतं आरशासमोरच्या डबीत.

[ट्यूब बाजूला ठेवून]

मग आम्ही हे का लावतो? "बायकांना नटायची हौस" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. नटणं वेगळं. मलाही नटायला आवडतं, गजरा आवडतो, काजळ आवडतं. हे मात्र नटणं नव्हतं. मी आठवीपर्यंत शाळेच्या खो-खोच्या संघात होते. नववीत सोडलं, कारण "उन्हात काळी पडशील, पुढे लग्नाचं बघायचंय". चौदाव्या वर्षी! माझा बायोडाटा लिहिताना बाबांनी रंगाच्या पुढे "गव्हाळ" लिहिलं, आत्याने ते खोडून "निमगोरी" केलं. मी तिथेच बसले होते. आणि बघायला आलेल्यांचं ते वाक्य, "मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण..." त्या "पण"नंतर कोणी काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते.

यात दुष्ट कोणीच नव्हतं. आत्याला माझं भलंच हवं होतं, तिलाही तिच्या वेळी हेच ऐकावं लागलं होतं. म्हणून तर हे निपटायला इतकं अवघड आहे. जाहिरातींनी त्यावर मजले चढवले. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातलं "फेअर" जाऊन "ग्लो" आलं. स्पष्ट सांगते, त्या क्रीमचा या स्टिरॉइडच्या ट्यूबशी संबंध नाही. पण गोरेपणा विकत मिळतो, ही समजूत आपल्या घरांत कशी मुरली, ते सांगताना हे टाळता येत नाही.

[बाही वर करून दंडाची आतली बाजू कॅमेऱ्यासमोर]

हे करून बघा. दंडाची ही आतली बाजू, जिथे ऊन फारसं लागत नाही. साधारण हाच तुमचा जन्मजात रंग. उन्हाने रापलेला चेहरा जपून जपून इथपर्यंत परत येऊ शकतो. याच्या पुढे नेतो म्हणणारं काहीही त्वचेच्या कामात ढवळाढवळ करतंय. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या कातडीत जवळपास सारख्याच असतात. फरक त्या किती रंगद्रव्य बनवतात याचा, आणि ते रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपल्याला वाचवत असतं.

ज्यांच्या घरात अशी ट्यूब आहे, त्यांनी मागचं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, ही सगळी स्टिरॉइडची नावं. महिनोन्‌महिने लावत असाल तर मनाने बंद-चालू करत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ती कशी सोडवायची ते ते ठरवतील. माझी सुटायला सात महिने लागले. आणि बिननावाची डबी असेल तर ती आजच थांबवा, पण फेकू नका, डॉक्टरकडे सोबत न्या. लघवीला फेस येतोय, सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज आहे, तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या आणि क्रीमबद्दल स्वतःहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही. पारा टॉवेल-उशीतून घरातल्या लहान मुलांपर्यंतही जातो, म्हणून लाजू नका.

त्या चार जणींपैकी तिघींशी मी बोलले. चौथीचा नंबर आता लागत नाही. हळदीला ती माझ्या शेजारी बसली होती, हिरव्या साडीत, आणि मी तिच्या हातावर पेनने नाव लिहून दिलं होतं. तू हे बघत असशील तर, अजून लावत असशील तर, मला मेसेज कर. आपण दोघी मिळून डॉक्टरकडे जाऊ.