देणगी दिली, देखभाल कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो.

उद्योगधंद्याने गावाला काही द्यावं, हे गोव्यात कुणाला पटवून सांगायला नको. शाळेला पाण्याचा कूलर, देवळाला मंडप, स्मशानभूमीला शेड, हे आपण पाहतोच. मला आज विचारायचंय ते पुढचं. देणगी दिली, देखभाल कुणाची?

त्यासाठी जरा १९६१ सालात जाऊ. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. तोवर पणजीत लिसेव म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा होती, १८४२ पासूनची वैद्यकीय शाळा होती, पण बी.ए., बी.एस्सी. करायला गोव्यात एकही महाविद्यालय नव्हतं. पुढे शिकायचं तर मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड. ऐपत असेल तर पोर्तुगाल. मुलीला एवढ्या लांब ठेवायला किती घरं तयार असतील, तुम्हीच सांगा.

आणि मुक्तीला वर्ष व्हायच्या आत, १९६२ मध्येच, एक सोडून दोन महाविद्यालयं सुरू झाली. पणजीला धेंपे, मडगावला चौगुले. दोन्ही घराणी खाणवाल्यांची, लोहखनिज बार्जमधून मुरगाव बंदरात नेऊन जहाजांत भरणारी. कुणी म्हणेल, पैसा होता, दिला. पण महाविद्यालय म्हणजे नुसती इमारत नव्हे. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक लागतात, ॲसिड संपतं, परीक्षानळ्या फुटतात, प्राध्यापकांना दर महिन्याला पगार द्यावा लागतो. संलग्नता मुंबई विद्यापीठाची. गोवा विद्यापीठ आलं १९८५ साली. म्हणजे तब्बल २३ वर्षं अभ्यासक्रम मुंबईचा, परीक्षा मुंबईच्या आणि वर्ग गोव्यात. ती गाडी चालू ठेवली, यात खरं दान आहे. इमारतीत नाही, चालू ठेवण्यात. दोन्ही महाविद्यालयं साठी ओलांडून आजही भरतात.

त्याच १९६२ साली चौगुल्यांनी दैनिक ‘गोमन्तक’ काढलं. जाता जाता सांगते, गावच्या वाचनालयाची वर्षभराची वर्तमानपत्रं कुणी दुकानदाराने आपल्या अंगावर घेतली, तर मला ते कुठल्याही कमानीपेक्षा मोठं वाटतं. कमानीवर नाव मोठं असतं, एवढंच.

तर आता शाळेच्या पाण्याकडे. फिल्टर घेण्याआधी पाणी तपासून घ्या. नळाचं पाणी कमी क्षारांचं असेल तर आरओ, म्हणजे क्षार काढणारा फिल्टर, नको. तो बरंच पाणी वाया घालवतो. साधा गाळणीचा कार्ट्रिज आणि जंतू मारणारा यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा पुरतो. पण पावसात पाणी गढूळ येतं, आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा प्रकाश पोचत नाही. दिवा जळताना दिसतो, जंतू मात्र मरत नाहीत. म्हणून दिव्याआधीचा कार्ट्रिज वेळेवर बदलायचाच. बदलल्याची तारीख मार्करने त्याच्या डब्यावर लिहा. दिवा वर्षाने बदला, निळा दिसत असला तरी. कूलरला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, कारण मुलं ओल्या हातांनी नळ धरतात. आणि कूलरच्या बिलासोबतच पाच वर्षांच्या देखभालीचा करार करा, त्यावर पीटीएमधल्या, म्हणजे पालक-शिक्षक संघातल्या, एकाचा फोन नंबर घाला. पुन्हा सांगते: कूलरच्या बिलासोबतच.

मोठ्या कंपन्यांना तर कायदाच आहे, कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर. फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. तुमची संस्था असा निधी मागणार असेल तर आधी सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्या. त्याशिवाय कंपनी तुमच्यामार्फत काम करू शकत नाही. आणि अंदाजपत्रकात पहिल्या वर्षाच्या खरेदीखाली लगेच दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचे कार्ट्रिज आणि दिवेही मांडा.