आज आवतण घ्या

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

श्रावण अमावास्या तोंडावर आली. 'पोळा अन् पाऊस झाला भोळा' असं आपण म्हणतो. पेरणी, डवरणी उरकलेली असते आणि बैलजोडीला हक्काची सुट्टी मिळते.

आपल्या विदर्भात गावोगाव तोरणाखाली पोळा भरतो. पण माझ्या मनात पोळा आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, खांदेमळणीला. माझे वडील गरम पाण्यानं बैलाचा खांदा शेकायचे, मग लोणी-हळद चोळायचे. जू बसून बसून तिथलं कातडं टाचेसारखं टणक झालेलं, केस उडालेले. हात फिरू लागला की आमचा ढवळ्या मान खाली घालून डोळे मिटायचा. मग वडील त्याच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर अरे-तुरे करणारा माणूस त्या संध्याकाळी बैलाला अहो-जाहो करायचा!

दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. मानाची जोडी पुढे, बाकीच्या ओळीनं मागे. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगतात. 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!' असा गजर होतो, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. मग जोडी घरोघर. माउली खुरांवर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, पडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तोरणाजवळ डीजे लावला होता. पहिल्याच दणक्याला आमची जोडी बिथरली, कासरा माझ्या हातातून सुटला आणि एका पोराचा पाय खुराखाली आला. त्याची किंकाळी अजून कानात आहे. कळकळीनं सांगतो, तोरणाखाली डफडं वाजू द्या, सनई वाजू द्या, डीजे नको.

आणखी एक. 2023 साली गुरांच्या लम्पी रोगामुळे बऱ्याच ठिकाणी बैल एकत्र आणायला मनाई होती, गोठ्यातच पोळा करावा लागला. म्हणून लस वेळेत टोचून घ्या. अंगावर गाठी दिसल्या तर त्या बैलाला बाहेर काढू नका, घरीच ओवाळा. त्याचा मान कमी होत नाही.

ज्यांच्या गोठ्यात आता जोडी उरली नाही, त्यांनी खांदेमळणीला शेजारच्या गोठ्यात जा. लोण्याची वाटी घरून न्या.