वर्क_मेमचा गुणाकार: पोस्टग्रेसक्यूएलमधील क्वेरींना घालायच्या मर्यादा

डेटाबेसकडे दिवसभर दोन अगदी वेगळ्या प्रकारची कामे येत असतात. खात्यातली शिल्लक दाखवणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, काही मिलिसेकंदांत संपते. महिन्याअखेरचा अहवाल मात्र कोट्यवधी नोंदी वाचतो, त्यांची क्रमवारी लावतो, बेरजा करतो आणि बराच वेळ सर्व्हरवर ठाण मांडून बसतो. दोन्ही कामे एकाच यंत्राचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वापरतात. कोणाला किती द्यायचे हे आपण ठरवून दिले नाही, तर पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) ही डेटाबेस प्रणाली त्यांच्यात डावे-उजवे करत नाही.

या प्रणालीत प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालते आणि मूळ मांडणीत अशा १०० कनेक्शन्सना परवानगी असते. मेमरीची मर्यादा ‘वर्क_मेम’ या सेटिंगने ठरते, जिचे मूळ मूल्य ४ एमबी आहे. अहवाल संथ चालतो म्हणून हे मूल्य वाढवण्याचा मोह होतो, आणि खरा धोका इथेच आहे. ही मर्यादा सर्व्हरला नसते, कनेक्शनला नसते, एका क्वेरीलाही नसते. ती क्वेरीतल्या क्रमवारी लावण्याच्या किंवा हॅश (नोंदी चटकन शोधण्यासाठी मेमरीत बनवलेला तक्ता) बांधण्याच्या प्रत्येक टप्प्याला वेगवेगळी लागू होते. वर्क_मेम ६४ एमबी ठेवली आणि क्रमवारीचे चार टप्पे असलेली क्वेरी १०० कनेक्शन्सवर एकाच वेळी चालली, तर मागणी २५ जीबीपर्यंत जाऊ शकते. हॅशच्या टप्प्यांना तर आवृत्ती १५ पासून मुळातच दुप्पट मुभा आहे.

लिनक्सवरची मेमरी संपली, की ऑपरेटिंग सिस्टिम एखादी प्रोसेस सक्तीने बंद करते. ती प्रोसेस पोस्टग्रेसची असेल, तर सामायिक मेमरी बिघडली असण्याच्या शक्यतेमुळे मुख्य प्रोसेस उरलेली सगळी कनेक्शन्सही तोडते आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या लॉगवरून डेटाबेस पूर्वपदावर आणते. अहवालाशी काही संबंध नसलेल्या माणसाचा व्यवहारही त्यात अर्धवट तुटतो.

म्हणून मर्यादा कामाच्या प्रकारानुसार घालाव्यात आणि त्यासाठी अॅप्लिकेशनला व अहवालांना वेगवेगळे रोल, म्हणजे डेटाबेसमधली वापरकर्त्यांची खाती, द्यावेत. अहवालाच्या रोलला जास्त वर्क_मेम, अर्ध्या तासाचा ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ (क्वेरी जास्तीत जास्त किती वेळ चालू द्यायची ती मर्यादा), पण कनेक्शन्स मोजकी चार-पाच. अॅप्लिकेशनच्या रोलला मेमरी कमी आणि वेळ काही सेकंदांचाच. वेळेची ही मर्यादा मूळ मांडणीत बंद असते, आणि ती सर्वांसाठी सरसकट चालू करू नये असे अधिकृत दस्तऐवजच सांगतात. मात्र वर्क_मेम आणि टाइमआउट ही मूल्ये वापरकर्ता आपल्या सेशनमध्ये (जोडणी चालू असेपर्यंत) स्वतः बदलू शकतो, त्यामुळे त्यांना पक्के कुंपण समजणे चुकीचे ठरेल. कनेक्शन्सची संख्या आणि डिस्कवर सांडणाऱ्या तात्पुरत्या फाइल्सवरची ‘टेम्प_फाइल_लिमिट’ या मर्यादा सामान्य वापरकर्त्याला ओलांडता येत नाहीत.

काहीही न करणारे कनेक्शनही महाग पडू शकते. ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारा व्यवहार) उघडून तसेच सोडून दिले, तर त्याने घेतलेली कुलुपे तशीच राहतात आणि व्हॅक्यूम या साफसफाईच्या प्रक्रियेला जुन्या, मृत नोंदी हटवता येत नाहीत, त्यामुळे टेबल फुगत जाते. अशी सेशन्स ठरावीक वेळेनंतर तोडण्याची सोय आवृत्ती ९.६ मध्ये आली, आणि प्रत्येक चालत्या यंत्रणेत ती वापरली जावी असे आमचे ठाम मत आहे.

गर्दी वाढली की कनेक्शन्सची कमाल संख्या वाढवण्यापेक्षा पीजीबाउन्सरसारखा पूलर पुढे ठेवावा, कारण तो थोडी कनेक्शन्स आळीपाळीने अनेकांना देतो आणि उरलेल्यांना रांगेत थांबवतो. थोडे थांबावे लागले तरी बहुतेकांचे काम पूर्ण होते.

प्रोसेसरचे वाटप मात्र या मार्गांनी साधत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून ‘रिसोर्स गव्हर्नर’ आहे, जो आलेल्या सेशनचे वर्गीकरण करून त्याला प्रोसेसर आणि मेमरीचा ठरलेला वाटा देतो; पोस्टग्रेसच्या गाभ्यात अशी सोय नाही. त्यामुळे जड अहवाल वेगळ्या रेप्लिकावर, म्हणजे मूळ सर्व्हरच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवर, पाठवण्याची पद्धत रूढ आहे. तिथेही मूळ सर्व्हरवरून येणारे बदल आणि चालू क्वेरी यांचा संघर्ष झाला, तर मूळ मांडणीनुसार रेप्लिका ३० सेकंदांपर्यंतच बदल रोखून धरते आणि मग क्वेरी रद्द करते. म्हणून अहवालांसाठी राखून ठेवलेल्या रेप्लिकावर ही मुदत वाढवावी लागते, आणि तेवढ्या काळापुरती तिथली माहिती मागे राहू शकते हे अहवाल वाचणाऱ्यांना आधीच सांगावे लागते.