डाक आवृत्ती आणि मोबाइलची सूचना

पहाटेचे ४ वाजले आहेत. दादर स्थानकाबाहेरच्या पदपथावर गठ्ठ्यांच्या दोऱ्या सुटतात आणि विक्रेत्यांचे हात मुख्य अंकात पुरवणी घालू लागतात. उजाडताना अंक दारात पडला पाहिजे, हा शिरस्ता कायम आहे. बदलला आहे तो दारामागचा वाचक. तो जागा होतो तेव्हा रात्रीची बातमी त्याच्या मोबाइलवर येऊन गेलेली असते.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी वाचक छापील अंकाची वाट पाहत आला. ती वाट किती लांबची असे, हे डाक आवृत्तीवरून कळते. दूरच्या तालुक्यांत अंक सकाळी पोचावा म्हणून तिची पाने रात्री लवकर छपाईला सोडावी लागत. त्यामुळे दिवस-रात्र सामन्याचा निकाल शहर आवृत्तीत छापला जाई आणि गावातल्या अंकात सामना अपुराच राही. मोबाइलने हे अंतर पुसले, हा ग्रामीण वाचकाचा मोठाच लाभ आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मुंबईतील वितरण थांबले आणि छापील अंकाशिवाय राहू न शकणारे ज्येष्ठ वाचकही ई-पेपरचे पान दोन बोटांनी मोठे करून अग्रलेख वाचू लागले. परंतु ई-पेपर म्हणजे छापील पानाची प्रतिमाच, आणि हातातल्या पडद्यावर आठ कॉलम मावत नाहीत. म्हणून एकच बातमी आता पुन्हा पुन्हा लिहिली जाते: घटना घडताच चार ओळींत, मग तपशिलांसह, आणि रात्री अंकासाठी कारणमीमांसेसह. छापील मथळा कॉलमच्या रुंदीत बसवावा लागतो. संकेतस्थळावरच्या मथळ्यात वाचक शोधतील ती गावांची आणि माणसांची नावे आधी यावी लागतात. याच घाईत बातमी दडवून केवळ उत्सुकता चाळवणारे मथळे वाढले. आमच्या मते ही वाचकाची फसवणूक आहे, आणि फसलेला वाचक पुन्हा त्या दारी येत नाही.

वाचकाला इतरत्र सहज न मिळणारा मजकूर जिल्हा पानावर असतो: पाणी कधी येणार, कोण निवर्तले, बाजारात काय भाव फुटला. लासलगावच्या बाजार समितीतील कांद्याचा भाव लिलाव होताच मोबाइलवर दिसू शकतो. तो का पडला, हे शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या अंकात वाचायचे असते, आणि त्यासाठी वार्ताहराला लिलाव संपल्यानंतरही आवारात थांबावे लागते.