काटा कुणाच्या हातात

दृश्य : पहाट. इतवारीतली बंद दुकानं. फुटपाथवर पुठ्ठ्याचे ढीग. दोन बायका चुंगडी (मोठं पोतं) उघडून पुठ्ठा घडी करून भरतात.

निवेदन :

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की सकाळी दहालाच माणसं सावली शोधू लागतात. कचरा वेचणाऱ्या बायकांची फेरी त्याआधी उरकलेली असते. पहाटे अंधारातच त्या निघतात. इतवारीच्या ठोक दुकानांनी रात्री बाहेर टाकलेला पुठ्ठा, महालातल्या घरांची रद्दी, सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या पाण्याच्या बाटल्या, जे हाती लागेल ते चुंगडीत. एकदा कचरागाडी येऊन गेली की हाच माल ओल्या कचऱ्यात कालवून भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात जातो, आणि तिथून तो स्वच्छ परत मिळत नाही.

शहराचा कचरा रोज हजार टनांहून जास्त. त्यातलं जे पुन्हा कारखान्यात जातं, त्यातलं बरंचसं या बायकांच्या हातांतून जातं. त्या हातांसाठी काय बनवायचं, आणि ते कुणी ठरवायचं, याबद्दल ही फिल्म आहे.

दृश्य : पूर्व नागपुरातली एक वस्ती. पत्र्याच्या आडोशाखाली माल ओतलेला. भोवती पाच-सहा बायका बसून वेगळा करतायत.

निवेदन :

या बायकांनी मिळून आपला गट केला आहे आणि त्याची सहकारी संस्था व्हावी अशी त्यांची धडपड आहे. त्यांच्यासोबत डिझाइन शिकलेली काही मुलं-मुली काम करतात. बायका त्यांना पोट्टे म्हणतात, आणि ती बायकांना मावशी.

कचरा वेचकांसाठी काही करायचं म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ते हातमोजे. वाटप होतं, फोटो निघतो. आठवड्याभरात मोजे गायब होतात, किंवा त्यांची बोटं कापलेली दिसतात. याला बायकांचा हट्ट म्हणणं सोपं आहे. पण शेजारी बसून पाहिलं की कारण कळतं. एक मावशी बाटली उचलते, अंगठ्याने दाबते आणि न पाहताच बाजूच्या ढिगात टाकते. दाबल्यावर प्लास्टिक कसं वाकतं, कसा आवाज करतं, नख मारलं की ओरखडा उठतो की नाही, यावरून ते कोणत्या जातीचं हे तिला समजतं. शंका आलीच तर तुकडा पाण्यात टाकते. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक बुडतं, तिचं झाकण तरंगतं. कारखान्यातसुद्धा चुरा केलेलं प्लास्टिक याच तत्त्वावर पाण्याच्या हौदात वेगळं करतात. जाड रबराने बोटांची ही समज झाकली तर मालाचा दर्जा जातो, आणि दर्जा गेला की भाव जातो.

म्हणून इथे तळहात जाड आणि बोटांची टोकं पातळ अशा मोज्यांवर काम चाललंय. तेही फक्त फेरीसाठी, कारण काच आणि सुई लागते ती ढिगात हात घालताना. तिथेही बायकांचा खरा भरवसा आकडीवर आहे. वाकवलेल्या सळईची आकडी. काही जणी तिच्या टोकाला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक बांधतात, म्हणजे राखेतला खिळासुद्धा चिकटून वर येतो. ही रचना कुठल्या डिझाइन संस्थेतून आलेली नाही. मुलांनी एवढंच केलं की आकडीची लांबी प्रत्येकीच्या उंचीप्रमाणे ठेवली आणि मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबने गुंडाळली.

दृश्य : लाकडी चौकट, तिच्यावर तारेची जाळी, एका बाजूने थोडा उतार. बायका पाटावर बसून जाळीवर माल पसरतात.

निवेदन :

माल वेगळा करण्यासाठी उभ्याने काम करायचं टेबल अनेक ठिकाणी देतात. कागदावर ते बरोबर दिसतं. पण पहाटेपासून पायी फिरलेल्या बाईला दुपारी उभं राहायचं नसतं, बसायचं असतं. म्हणून टेबल खाली आलं आणि त्याची जाळी झाली. धूळ, काचेचा चुरा, ओल, सगळं जाळीतून खाली पडतं. कंबरेतून पुढे झुकावं लागत नाही. पुठ्ठा कोरडा राहतो.

पुठ्ठा कोरडा राहणं म्हणजे काय, हे संत्र्याच्या हंगामात कळतं. आंबिया बहराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरू लागली की घराघरांतून साली बाहेर पडतात. ओलं-सुकं एकाच बादलीत असेल तर सालींचा रस कागदात मुरतो. पांढरा कागद जो भाव आणतो, तो या भिजलेल्या कागदाला कुणी देत नाही. दोन वेगळ्या बादल्या ठेवणाऱ्या घराला आपण किती कमाई वाचवली याचा पत्ताही नसतो. त्याच साली वेगळ्या मिळाल्या तर सुक्या पाल्यात मिसळून त्यांचं खत होतं. नुसत्या सालींचा ढीग मात्र आंबट होऊन बसतो.

पश्चिमेकडून ऊन येतं तिथे बायकांनी कुलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या टांगल्या आहेत. त्यांच्यावर अधूनमधून पाणी मारतात. या शहरात उन्हाशी कसं जगायचं हे कुणी त्यांना शिकवायला नको.

दृश्य : कबाडीच्या दुकानाचं तोंड. टांगलेला काटा. चुंगडी चढते. चेहरे दिसत नाहीत.

निवेदन :

आता काट्याकडे येऊ. आमच्या मते या सगळ्या कामाचा गाभा इथे आहे.

दिवसाची कमाई या एका क्षणात ठरते. काट्याचं तोंड दुकानदाराकडे. वजन तो बोलतो. ओलावा म्हणून काही कापतो, माती म्हणून काही कापतो. भाव त्या दिवशी काय, हे तोच सांगतो. अडीनडीला उचलही त्याच्याकडूनच घेतलेली असते, म्हणून दुसऱ्या दुकानात जायची सोय नाही. सगळे कबाडी फसवतात असं आम्ही म्हणत नाही. मुलाच्या फीसाठी, दवाखान्यासाठी रात्री पैसे देणाराही बहुतेकदा तोच असतो. पण जिथे मोजणारा, भाव ठरवणारा आणि कर्ज देणारा एकच माणूस आहे, तिथे कितीही चांगली ढकलगाडी दिली तरी बाईच्या हातात पडणारे पैसे फारसे बदलत नाहीत.

म्हणून गटाने स्वतःचा काटा घेतला. इलेक्ट्रॉनिक, वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन विभागाचा शिक्का असलेला. त्याचा आकडा विकणाऱ्या बाईच्या बाजूला दिसतो. शंका आली तर एक लिटर पाणी भरलेली बाटली ठेवायची. बाटलीचं स्वतःचं थोडंसं वजन सोडलं तर काट्याने एक किलो दाखवायलाच हवा.

शेजारी एक फळा आहे. त्यावर प्रत्येक प्रकारच्या मालाचा खरा तुकडा ठोकलाय : पुठ्ठा, पांढरा कागद, दुधाची पन्नी, पाण्याची बाटली, शॅम्पूचा डबा, तांब्याची तार. खाली खडूने आजचा भाव. सगळ्यांना वाचता येत नाही, पण नोटांवरचे आणि मोबाइलवरचे आकडे सगळ्याच ओळखतात. प्रत्येकीच्या पासबुकात वजन आणि रक्कम लिहिली जाते. हे पासबुक पुढे बँकेत दाखवता येतं, आणि घरात दाखवता येतं, हेही कमी नाही.

फळ्यावर एक कोपरा बिनभावाचा आहे. चिप्सची आणि गुटख्याची पाकिटं. एकावर एक वेगवेगळे थर चिकटवलेलं हे पाकीट वेगळं करणं परवडत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. तो दोष वेचणाऱ्याचा नाही. पाकीट ज्यांनी आखलं त्यांना हा कोपरा पाहायला लावला पाहिजे.

दृश्य : पुण्याची जुनी छायाचित्रं. मोर्चा. ओळखपत्रं.

निवेदन :

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते, आणि पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती बांधली. महापालिकेच्या मान्यतेचं ओळखपत्र ही तिची पहिली मोठी कमाई. छोटंसं कार्ड, पण चौकीदाराने हटकलं, पोलिसाने चोर म्हणून अडवलं, तर खिशातून काढता येणारं. त्याच चळवळीतून पुढे ‘स्वच्छ’ नावाची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. वेचक घरोघरी जाऊन कचरा घेतात, घरं त्यांना थेट शुल्क देतात, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांचे.

तिथल्या बायकांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडचा प्रश्नही स्वतः उचलला. उघडे पॅड हाताने उचलावे लागत होते. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवल्या आणि घरांना सांगितलं, यात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड थेट कंपन्यांना पाठवून दिले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पॅडसोबत गुंडाळण्याची सोय देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. एक लाल ठिपका, पण तो कुणाच्या तरी बोटांना वाचवतो, म्हणून आम्हाला तो फार मोठा वाटतो.

त्याच नियमांनी कचरा वेचकांना आणि त्यांच्या संघटनांना कामात सामावून घेण्याचं कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकलं. नियम छापून झाला, पण गल्लीत गोष्टी वेगळ्या चालतात. जिथे कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळतात, तिथे गाडीतला कचरा जितका जड तितका त्याचा फायदा. मग वाटेत पुठ्ठा काढून घेणारी बाई त्याला नको असते. ही रचनाही कुणीतरी केलेलीच आहे. ढकलगाडीच्या चाकावर जितका विचार झाला, तितका कराराच्या या एका ओळीवर झाला असता तर पुष्कळ बदललं असतं.

दृश्य : दीक्षाभूमी परिसर, धम्मचक्र प्रवर्तन दिन. गर्दी. निळे झेंडे.

निवेदन :

गटातल्या अनेक जणी बौद्ध आहेत. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली, तिथे त्या दरवर्षी जातात. त्या दिवसांत लाखोंची गर्दी, आणि रस्त्यांवर बाटल्या, पत्रावळी, पुठ्ठे. एका बाजूला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, दुसऱ्या बाजूला भरपूर माल. बायकांनी पाळ्या लावल्या. ज्या दिवशी जिची पाळी नाही, त्या दिवशी ती पांढरी साडी नेसून वंदनेला जाते. कोट आणि ओळखपत्र फक्त पाळीवर असलेल्या जणी घालतात. हे वेळापत्रक त्यांचं त्यांनीच बसवलं.

दृश्य : मोकळी जागा. बायका जमिनीवर विटा मांडून खोल्यांच्या रेषा आखतायत.

निवेदन :

आता त्यांना जागा हवी आहे. पावसाळ्यात पुठ्ठा भिजला की महिन्याची कमाई बुडते, म्हणून पक्कं छप्पर. महापालिकेचे दहा झोन आहेत, प्रत्येक झोनमध्ये एक शेड मिळावी अशी मागणी आहे. मुलांनी आराखडा कागदावर काढण्याआधी बायकांनी तो जमिनीवर विटांनी मांडला. काट्याची खोली आधी येईल असं वाटलं होतं. त्यांनी आधी संडास मांडला. पहाटेपासून बाजारात फिरताना जायला जागा नसते, म्हणून त्या घरून निघताना पाणी पीत नाहीत. भर उन्हाळ्यातही नाही. लघवीची जळजळ, चक्कर, मुतखडा हे त्यांच्यात नेहमीचं झालंय. म्हणून आराखड्यात दारातून आत गेल्यावर पहिला नळ आहे, मग संडास, मग जाळी, मग काटा. झोन कार्यालयात अर्ज याच आराखड्यासह गेला आहे.